अनोळखी प्रोसेस दिसली? नाव सोडा, पत्ता विचारा

कॉम्प्युटर एकाएकी जड चालायला लागतो, पंख्याचा आवाज वाढतो, म्हणून टास्क मॅनेजर उघडावा तर समोर प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, शंभर-दीडशे नावं. त्यातली क्रोम, एक्सेल, टॅली एवढीच ओळखीची. बाकीची धड वाचताही येत नाहीत. अशा वेळी माणूस हमखास दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर जे नाव कळत नाही त्यावर 'एंड टास्क' दाबतो, नाहीतर ते नाव गुगलमध्ये टाकतो आणि 'ही फाईल धोकादायक आहे, आमचं टूल उतरवून घ्या' असं सांगणारं पहिलंच पान खरं मानतो. पहिल्या प्रकारात चालू काम जातं. दुसऱ्या प्रकारात चांगल्या मशीनमध्ये आपल्याच हाताने कचरा येतो.

नाशिकमधल्या छोट्या ऑफिसांचे, सेवा केंद्रांचे आणि वर्कशॉपचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे. "हे काय चालू आहे, बंद करू का?" हा प्रश्न कायम कानावर येतो आणि बहुतेक वेळा उत्तर "काही नाही, चालू द्या" असंच निघतं. पण ते उत्तर देण्याआधी मी जे बघतो ते कोणालाही बघता येतं, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. विंडोज १० आणि ११ धरून तेच क्रमाने सांगतो.

आधी हात आवरा

अनोळखी प्रोसेस लगेच मारायची नाही. याला दोन कारणं आहेत. विंडोजच्या स्वतःच्या काही प्रोसेस अशा असतात की त्या थांबल्या की सगळं मशीनच निळा पडदा दाखवून बंद पडतं. सीएसआरएसएस ही त्यातली एक. विंडोज इशारा देतं, पण घाईत असलेला माणूस तो न वाचताच 'ओके' करतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: प्रोसेस खरंच वाईट असेल, तर ती कुठून सुरू झाली, कोणी सुरू केली, काय हुकूम देऊन सुरू केली, हे ती चालू असतानाच सहज दिसतं. मारली की हे सगळं नजरेआड होतं, आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर ती परत हजर.

याला अपवाद एकच. माउस आपोआप हलतोय, कोणीतरी बँकेचं पान उघडतंय, किंवा फोल्डरमधल्या फाईलींची नावं डोळ्यादेखत बदलत चालली आहेत, असं दिसलं तर काही तपासत बसू नका. नेटची केबल उपसा, वायफाय बंद करा, पुढचं नंतर.

टास्क मॅनेजर नीट उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की तो थेट उघडतो. विंडोज १० मध्ये छोटीशी खिडकी आली तर खाली 'मोअर डीटेल्स' वर क्लिक करा. आपल्या कामाचा भाग 'डीटेल्स' नावाचा आहे. विंडोज १० मध्ये तो वरच्या टॅबमध्ये आहे, ११ मध्ये डाव्या पट्टीत. पहिल्या पानावरची गोंडस नावं आणि चित्रं तपासणीच्या कामाची नाहीत; ती प्रोग्राम बनवणाऱ्याने हवी तशी ठेवलेली असतात.

'डीटेल्स' मध्ये कॉलमच्या कोणत्याही शीर्षकावर राईट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या आणि 'इमेज पाथ नेम' (फाईलचा पत्ता) व 'कमांड लाईन' (काय हुकूम देऊन सुरू केली) या दोन चौकटींवर खूण करा. नवख्या माणसाला मी बाकी काही शिकवलं नाही तरी हे दोन कॉलम लावून देतो. अर्धी भीती तिथेच संपते. काही ओळींसमोर हे कॉलम रिकामे राहिले तर टास्क मॅनेजर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा.

काही नावांपाठीमागे नेहमीसारखी प्रोग्रामची फाईल नसते, ती सोडून द्या: सिस्टम आयडल प्रोसेस, रजिस्ट्री, मेमरी कॉम्प्रेशन. यातल्या 'सिस्टम आयडल प्रोसेस' समोर ९५ टक्के सीपीयू दिसला की लोक हादरतात. त्याचा अर्थ उलटा आहे. सीपीयूचा तेवढा वेळ रिकामा आहे, एवढंच तो आकडा सांगतो.

नाव अक्षर अक्षर लावून वाचा, पण त्यावर विश्वास ठेवू नका

फाईलला कोणीही काहीही नाव देऊ शकतं. वाईट प्रोग्राम लिहिणारे विंडोजच्या खऱ्या नावांसारखी दिसणारी नावं मुद्दाम घेतात. सगळ्यात जास्त नक्कल होते ती एसव्हीसीहोस्टची. खऱ्या नावात एस, मग व्ही, मग सी येतो. नकलेत सी आधी आणि व्ही नंतर. भरभर वाचताना हा फरक सुटतोच. दुसरं उदाहरण लॉगिन-पासवर्डचं काम बघणाऱ्या एलएसएएसएसचं. त्याचं पहिलं अक्षर लहान लिपीतलं एल आहे. तिथे मोठ्या लिपीतला आय टाकला तर कित्येक फॉन्टमध्ये डोळ्याला काहीच फरक कळत नाही. म्हणून नाव कागदावर उतरवून घ्या किंवा कॉपी करून नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरात बघा.

एसव्हीसीहोस्टबद्दल आणखी थोडं, कारण याच नावावरून सर्वात जास्त फोन येतात. विंडोजच्या सेवा, म्हणजे नेट, आवाज, अपडेट, प्रिंटरचा शोध वगैरे, या एका सामाईक प्रोग्रामच्या पोटात चालतात; तो प्रोग्राम म्हणजे एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकेका होस्टमध्ये बऱ्याच सेवा कोंबलेल्या असत. २०१७ साली आलेल्या विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सेवांना आपापला वेगळा होस्ट मिळतो. त्यामुळे आज हे नाव पन्नास-साठ वेळा दिसलं तरी ते नॉर्मल आहे. क्रोम आणि एज यांचंही तसंच. ते टॅब आणि एक्स्टेन्शन वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात. संख्येवरून संशय घेऊ नका. एलएसएएसएस मात्र एकच असायला हवी. दुसरी दिसली की थांबा.

पत्ता

संशयित ओळीवर राईट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' घ्या. ज्या फोल्डरमधून ती फाईल चालते आहे तो फोल्डर उघडेल. नाव खोटं घेता येतं, पण प्रोग्राम कुठल्यातरी खऱ्या जागेवरूनच चालावा लागतो.

एसव्हीसीहोस्ट, एलएसएएसएस, सीएसआरएसएस, सर्व्हिसेस, विनलॉगॉन, प्रिंटरचं स्पूलएसव्ही, या सगळ्यांचं घर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत असलेलं सिस्टम३२. एक्सप्लोरर मात्र थेट विंडोज फोल्डरमध्ये राहतो, सिस्टम३२ मध्ये नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण 'सिस्टम३२ मधला एक्सप्लोरर' हीच उलट शंकेची गोष्ट आहे. विकत किंवा फुकट घेतलेली बहुतेक सॉफ्टवेअर 'प्रोग्राम फाईल्स' किंवा त्याच्याच एक्स८६ भावाकडे बसतात. विंडोज डिफेंडरची मुख्य प्रोसेस, जिचं नाव यादीत 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' असं दिसतं, ती 'प्रोग्रामडेटा' मधल्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये असते. ती रॅम आणि सीपीयू खाते म्हणून तिला बंद करायचे उपाय लोक शोधतात. कृपा करून नका शोधू.

आता संशयाच्या जागा. यूजर फोल्डरमधल्या 'ॲपडेटा' च्या आत 'टेम्प' फोल्डर, 'यूजर्स' मधलं 'पब्लिक', रिसायकल बिन, किंवा 'प्रोग्रामडेटा' मध्ये काहीतरी आठ-दहा विस्कळीत अक्षरांचं नाव असलेला फोल्डर. इथून चालणाऱ्या प्रोसेसकडे नीट बघायचं. एसव्हीसीहोस्ट नावाची प्रोसेस 'ॲपडेटा' मधून चालत असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. ती नकली आहे.

पण इथे एक घाई टाळा. 'ॲपडेटा' मध्ये आहे म्हणजे वाईटच, असं नाही. वनड्राइव्ह, झूम, डिस्कॉर्ड ही नेहमीची मंडळी अनेक मशीनवर तिथेच बसलेली असतात, कारण तिथे बसायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. वाईट प्रोग्रामही नेमक्या त्याच कारणाने तिथे येतात. म्हणजे पत्त्यावरून संशय पक्का होतो किंवा कमी होतो, पण दरवेळी निकाल लागत नाही.

सही

फाईलवर राईट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि वर 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब आहे का ते बघा. असेल तर त्यातलं नाव निवडून 'डीटेल्स' दाबा. 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके' असं वाक्य यायला हवं.

ही सही काय सांगते ते आपल्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. निफाड-दिंडोरीहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या पेटीवरच्या नोंदीवरून ती पेटी कोणत्या बागेतून निघाली इथपर्यंत माग काढता येतो. डिजिटल सही तसाच माग देते: फाईल कोणत्या कंपनीकडून निघाली, आणि वाटेत कोणी तिच्यात हात घातला का. एक अक्षर जरी बदललं तरी सही तुटते. माल गोड आहे की आंबट, हे मात्र ती सांगत नाही.

दोन बारकावे. विंडोजच्या स्वतःच्या कित्येक फाईलींना हा टॅब दिसतच नाही, कारण त्यांच्या सह्या एका वेगळ्या यादीत ठेवलेल्या असतात. म्हणून सिस्टम३२ मधल्या फाईलला टॅब नाही एवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका. दुसरं, सही नसलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर चोर नसतं. पिंपळगाव बसवंतला आडत्यांच्या गाळ्यावर हिशोबपट्टी काढायचं सॉफ्टवेअर असतं, दुकानांतून बिलिंगचं असतं. ते कुठल्यातरी स्थानिक मुलाने लिहिलेलं असतं, डी ड्राइव्हमध्ये फोल्डर करून ठेवलेलं असतं आणि त्याला सही नसते. अशा वेळी फाईलची तारीख बघा, सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाची आहे का ते ताडून बघा, आणि बनवणाऱ्याला फोन लावा. "तुझ्या प्रोग्रामची या नावाची प्रोसेस बॅकग्राउंडला चालते का?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं खात्रीने कोणी देऊ शकत नाही.

प्रोसेस एक्सप्लोरर घ्या

वरच्या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर 'प्रोसेस एक्सप्लोरर' उतरवून घ्या. हे 'सिसइंटर्नल्स' या संचातलं फुकट साधन आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये हा संच सुरू केला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. म्हणून तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यायचा, दुसरीकडून नाही.

ते बसवावं लागत नाही, नुसतं चालवायचं. 'ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू केलं की प्रत्येक प्रोसेससमोर सही तपासून कंपनीचं नाव येतं, वर सांगितलेल्या वेगळ्या यादीतल्या सह्यांसकट. दुसरा मोठा फायदा म्हणजे कोणी कोणाला जन्म दिला हे झाडासारखं दिसतं. खरा एसव्हीसीहोस्ट सर्व्हिसेसच्या पोटी असतो. वर्ड किंवा एक्सेलच्या पोटी पॉवरशेल, म्हणजे लिहिलेले हुकूम चालवणारा विंडोजचा प्रोग्राम, दिसला, तर ईमेलने आलेल्या एखाद्या फाईलमधला मॅक्रो (फाईलच्या आत दडलेला छोटा प्रोग्राम) काहीतरी करतोय असं समजून लगेच नेट तोडा. बिलाच्या एक्सेलला पॉवरशेलची गरज नसते.

कमांड लाईन: खऱ्या प्रोग्रामकडून खोटं काम

आतापर्यंतच्या तपासण्यांतून व्हायरसची एक जात सुटते, आणि आपल्याकडे ती भरपूर आहे. कॉलेज रोडच्या बाजूला झेरॉक्स-प्रिंटआउटची दुकानं आहेत. दिवसभर विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह तिथल्या मशीनला लागत-निघत असतात. मग एक दिवस पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात. मूळ फोल्डर लपवलेले असतात, आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर तर उघडतो, पण मागून एक छोटी स्क्रिप्टही चालू होते.

अशा मशीनवर टास्क मॅनेजर उघडा. 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाची प्रोसेस दिसेल. पत्ता बघा: सिस्टम३२, बरोबर. सही बघा: मायक्रोसॉफ्टची, खरी. व्हायरस तपासणीतही फाईल स्वच्छ. सगळं खरं आहे, कारण डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रामाणिक प्रोग्राम आहे. आता उजवीकडच्या 'कमांड लाईन' कॉलमकडे बघा. तिथे लिहिलेलं असतं की हा प्रोग्राम कोणती स्क्रिप्ट चालवतोय, आणि ती 'ॲपडेटा' मधल्या कुठल्यातरी चित्रविचित्र नावाच्या फाईलकडे बोट दाखवत असते. दोषी ती आहे. डब्ल्यूस्क्रिप्ट डिलीट करायला जाऊ नका. ती स्क्रिप्ट आणि तिला चालू करणारी नोंद शोधा.

हाच नियम पॉवरशेल, रनडीएलएल३२, एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२ यांनाही लागू. हे नोकर आहेत, काम कोणी सांगितलं ते बघायचं. पॉवरशेलच्या कमांड लाईनमध्ये 'एनकोडेड' असा शब्द किंवा त्याचं छोटं रूप आणि पुढे वाचता न येणारी अक्षरांची लांबलचक माळ दिसली, आणि ऑफिसात कोणी तसं काही मुद्दाम लावलेलं नसेल, तर ते वाईटच धरून चाला.

नाशिकच्या ऑफिसांत भेटणारी निरुपद्रवी मंडळी

इथे जरा रेंगाळतो, कारण इंटरनेटवरच्या परदेशी याद्यांमध्ये ही नावं सापडत नाहीत आणि आपले लोक नेमके यांनाच मारतात.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये डिझाइनच्या मशीनवर 'एचएएसपीएलएमएस' नावाची प्रोसेस बऱ्याचदा सापडते. नाव विचित्र, चालते थेट सिस्टम३२ मधून, आणि कंपनी मायक्रोसॉफ्ट नाही. वरच्या सगळ्या नियमांनी संशय यावा असंच प्रकरण. वर ती १९४७ नंबरचं पोर्ट, म्हणजे इतर प्रोग्रामशी बोलायचं दार, उघडून बसते. एका ऑपरेटरने मला फोनवर विचारलं होतं, "दादा, हा स्वातंत्र्याचा आकडा टाकून कोण बसलंय?" ती सेंटिनल नावाच्या लायसन्स मॅनेजरची प्रोसेस आहे. यूएसबीला डोंगल लावून चालणारी अनेक सॉफ्टवेअर तिच्यावर अवलंबून असतात. सही तपासली की सेफनेट, जेमाल्टो किंवा थॅलेस यांच्यापैकी नाव येतं. कंपनी एकातून दुसरीकडे गेली तशी सहीही बदलत गेली. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहून पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि १९४७ टाकलं की तिचं स्वतःचं पान उघडतं आणि कोणतं डोंगल लागलेलं आहे ते दिसतं. ती मारली तर डिझाइनचं सॉफ्टवेअर 'लायसन्स सापडत नाही' म्हणून बंद पडतं आणि दिवसाचं काम अडतं.

पंचवटी असो की नाशिक रोड, आपले सरकार सेवा केंद्रात बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र असतं. त्याची 'आरडी सर्व्हिस' सतत बॅकग्राउंडला चालू असते. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. आधारच्या पडताळणीसाठी ब्राउझर याच सेवेशी बोलतो, आणि त्यासाठी ती ११,१०० ते ११,१२० यांच्यातलं एखादं पोर्ट उघडून ठेवते. ती थांबवली की ठसा घेता येत नाही आणि बाहेर रांग वाढते. सीए ऑफिसात जीएसटीच्या डिजिटल सहीसाठीचा ईएमसाइनर, सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि टॅलीचा गेटवे सर्व्हर ही नेहमीची त्रयी. प्रत्येक प्रिंटर आपापली एक-दोन प्रोसेस घेऊन येतोच.

ओळखायची युक्ती साधी आहे. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल्ड ॲप्स' ची (विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स' ची) यादी तारखेप्रमाणे लावा आणि प्रोसेसच्या फाईलची तारीख तिच्याशी ताडा. नवा प्रिंटर, नवं टोकन ज्या दिवशी बसवलं त्याच दिवसाची फाईल असेल तर उत्तर मिळालं.

व्हायरसटोटल, पण फाईल न पाठवता

एवढं करूनही ठरत नसेल तर व्हायरसटोटल. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली ही सेवा एकाच वेळी सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसना तुमच्या फाईलबद्दल विचारते. एक गोष्ट लक्षात घ्या: तिथे चढवलेली फाईल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर कंपन्यांनाही मिळू शकते. म्हणून क्लायंटचे कागद, बॅलन्सशीट, आधारच्या पीडीएफ तिथे कधीही चढवायच्या नाहीत.

प्रोग्रामसाठी तर चढवायचीही गरज नसते. प्रत्येक फाईलचा एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. शा-२५६ प्रकारचा हॅश ६४ अक्षरांचा असतो. तो ठसा शोधपट्टीत टाकला की ती फाईल आधी कोणी तपासली असेल तर निकाल समोर येतो. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये हे घरबसल्या होतं: 'ऑप्शन्स' मध्ये व्हायरसटोटलची तपासणी चालू करा, प्रत्येक ओळीसमोर अपूर्णांकासारखा आकडा येतो. त्याच मेनूत अनोळखी फाईली आपोआप पाठवायचा पर्याय आहे, तो बंदच राहू द्या.

आकडा वाचायचा कसा? सत्तरपैकी एक-दोघांनी, तेही फारसं न ऐकलेल्या नावांनी, बोट दाखवलं असेल तर बहुधा चुकीचा इशारा आहे. वीस-तीस जणांनी, त्यातही मायक्रोसॉफ्ट, कॅस्परस्की, बिटडिफेंडर अशांनी नाव घेतलं तर शंका उरत नाही. आणि शून्य आलं, किंवा फाईल त्यांनी कधी पाहिलीच नसेल, तर ते स्वच्छतेचं प्रमाणपत्र समजू नका. आजच लिहिलेला व्हायरस आज कोणालाच माहीत नसतो.

खरी सही, तरीही धोका

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे प्रोग्राम पत्ता, सही, व्हायरसटोटल, सगळीकडे पास होतात. मीही ते वापरतो. पण तुम्ही स्वतः बसवलेला नसताना तो तुमच्या मशीनवर चालू असेल, तर तो यादीतल्या कुठल्याही व्हायरसइतकाच गंभीर समजा. "तुमचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री लाईन कट होईल, हे ॲप घ्या" असा फोन करून वयस्कर माणसांना हेच प्रोग्राम बसवायला लावतात. घरी आईवडिलांच्या लॅपटॉपवर हे नाव दिसलं तर रागावू नका, शांतपणे विचारा की हे कोणी, कधी आणि कशासाठी बसवायला सांगितलं. रागावलात तर ते पुढच्या वेळी सांगणारच नाहीत.

दुसरा असाच प्रकार म्हणजे विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारी साधनं. जुना किंवा असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला की दुकानदाराने हे परस्पर टाकून दिलेलं असतं. 'ऑटोकेएमएस' अशा नावाची प्रोसेस किंवा विंडोज फोल्डरमध्ये त्याच नावाचा फोल्डर दिसला तर समजा. ते बसवताना डिफेंडरला 'इकडे बघू नको' असं सांगून ठेवलेलं असतं, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. त्या उघड्या दारातून पुढे काय काय येतं याचा हिशोब राहत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', आणि अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' उघडा. तिथे तुम्ही स्वतः न टाकलेला एकही फोल्डर असता कामा नये. सबंध सी ड्राइव्ह त्या यादीत टाकलेली मशीन मी पाहिली आहेत.

वाईट आहे असं ठरलं तर

नेट तोडा. संशयित प्रोसेसची जोडी असेल तर एक मारली की दुसरी तिला परत उभी करते. म्हणून प्रोसेस एक्सप्लोररमध्ये आधी दोघींना 'सस्पेंड' करा, मग एकेक करून मारा. पडद्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा: नाव, पत्ता, कमांड लाईन. नंतर विंडोज सिक्युरिटीतून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा कमी मिळते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. चालू काम आधी सेव्ह करा.

दुसऱ्या मतासाठी केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये ते सुरू केलं आणि तिथून सफाईची साधनं फुकट मिळतात.

त्या मशीनवरून बँकिंग किंवा ईमेल केलं असेल तर पासवर्ड बदला, पण त्याच मशीनवरून नाही. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. इथे तासांचा हिशोब असतो, जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. मग लेखी तक्रार. शहरातले असाल तर नाशिक शहर पोलिसांकडे, निफाड-सिन्नर भागातले असाल तर नाशिक ग्रामीणकडे.

पासवर्ड चोरणारं काहीतरी सापडलं असेल तर मी सफाईवर थांबत नाही, विंडोज नव्याने टाकतो. एक दिवस जातो खरा, पण त्यानंतर त्या मशीनवर निर्धास्तपणे बँकेचं पान उघडता येतं. आणि मशीन विंडोज ७ वर असेल तर त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सीएनसीला जोडलेलं जुनं मशीन बदलता येत नसेल, तर निदान त्याचं नेट कायमचं काढून ठेवा.

मशीन चांगलं असतानाच करायचं काम

हे सगळं सोपं व्हावं म्हणून आज, सगळं सुरळीत चालू असताना, दहा मिनिटं काढा. सिसइंटर्नल्सच्याच संचातलं 'ऑटोरन्स' उघडा. मशीन सुरू होताना आपोआप चालू होणारं सगळं ते दाखवतं: स्टार्टअप, शेड्यूल्ड टास्क, सेवा, सगळं एकत्र. 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' केलं की यादी आवाक्यात येते. ती फाईल म्हणून सेव्ह करा, नावात तारीख टाका आणि पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे कधी शंका आली की पुन्हा ऑटोरन्स उघडून 'कम्पेअर' मधून ती जुनी फाईल द्या. मधल्या काळात नव्याने आलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दिसतात. दोनशे ओळींऐवजी तीन-चारच ओळींचा पत्ता आणि सही तपासावी लागते.